बेपत्ता वैमानिकाचा शोध

रणभूमीवर पडलेल्या सैनिकाचे कलेवर बहुधा त्याच्या सोबत्यांना सापडते. वैमानिकाची गोष्ट निराळी. त्याचे विमान शत्रूच्या मुलखात कोसळले, तर तळावरील दप्तरात त्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढाच शब्द पडतो. तो कैदेत आहे की मरण पावला, हे त्यावरून कळत नाही. घरची माणसे मात्र त्याच एका शब्दावर दिवस कंठीत राहतात.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे असेच बेपत्ता झाले. केंब्रिज येथे शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात अधिकारी झाला. भारतीयास असे पद मिळणे त्या काळी फार दुर्मीळ होते. १९१८ साली ते फ्रान्समध्ये २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘डॉल्फिन’ नावाचे एकासनी लढाऊ विमान चालवीत. या विमानाचा वरचा पंख इतका खाली बसविलेला असे, की वैमानिकाचे मस्तक पंखाच्या चौकटीतून वर निघे. त्यामुळे वरचे आकाश उत्तम दिसे. पण विमान उलटले, तर पहिला आघात मस्तकावरच! शिवाय हवाई छत्री त्या वेळी ब्रिटिश वैमानिकांना देत नसत. २७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर निघाले, ते परतले नाहीत.

अशा वेळी शोध करणाऱ्यास शत्रूच्या कागदांकडेही वळावे लागते. जखमी कैदी व मृत यांच्या नोंदी जर्मन सैन्य ठेवीत असे. परंतु त्या नोंदीत ‘वेलिणकर’ हे नावच नव्हते; होते ते ‘वुमकर’! परक्या लेखनिकाच्या हाती आरंभीचे अक्षर आणि शेवटचे ‘कर’ एवढेच काय ते शाबूत राहिले. मराठी माणसास त्या ‘कर’ वरून लगेच संशय आला असता. इतरांस तो कसा यावा? म्हणून असा शोध केवळ नावावर विसंबून चालत नाही. विमान नाहीसे झाल्याचा दिवस, ते ठिकाण, मृताचा हुद्दा हे सारे एकमेकांशी ताडून पाहावे लागते.

युद्धानंतर बऱ्याच चौकशीअंती उलगडा झाला. वेलिणकर जखमी अवस्थेत कैद झाले होते, आणि ३० जून रोजी जर्मन इस्पितळात त्यांचा अंत झाला होता. म्हणजे बेपत्ता ठरल्यानंतरही ते तीन दिवस जिवंत होते. फ्रान्समधील हँगार येथील युद्धस्मशानात आज त्यांची समाधी असून, शिळेवर त्यांचे खरे नाव कोरलेले आहे.