पूर्वज दुरावले, भ्रूण मात्र तगले

रशियन स्टर्जन आणि अमेरिकी पॅडलफिश या माशांचे पूर्वज सुमारे १८ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून दुरावले. तरीही हंगेरीतील संशोधकांच्या टाक्यांत या दोघांची संकरित पिल्ले पोहू लागली. हा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संकर घडविण्याचा हेतू मुळात नव्हताच! कॅव्हियारसाठी बेसुमार मारल्या गेलेल्या स्टर्जनची अंडी नराच्या वारशाविना वाढविण्याचा तो प्रयोग होता. पॅडलफिशचे सक्रिय शुक्राणू केवळ तुलनेसाठी वापरले गेले.

भिन्न जातींच्या माशांत फलन होणे फारसे नवलाचे नाही. कसोटी त्यानंतरची. सुरुवातीचे पेशीविभाजन आईने अंड्यात साठविलेल्या शिदोरीवर चालते. मग भ्रूणाची स्वतःची जनुके जागी होतात. मातापित्यांकडून आलेल्या सूचना जुळल्या नाहीत, तर बहुतेक संकरित भ्रूण तिथून पुढे खुंटतात. येथे मात्र महिनाभरानंतरही ६२ ते ७४ टक्के पिल्ले जिवंत होती. दोन्ही कुळांची उत्क्रांती अतिशय संथ असल्याने त्यांची जनुके अद्याप जुळत असावीत, असा कयास आहे. काही पिल्लांत आईकडील गुणसूत्रे दुपटीने उतरली; ती रूपानेही स्टर्जनकडे अधिक झुकली.