नानांचा चाकू आणि तीन इंच

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे सासरे पहिल्यांदाच शेफील्डला आले. बॅग उघडली तेव्हा अपेक्षित ऐवज निघत गेला. कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट, फणसपोळी. मग एका लोकरीच्या मोज्यातून निघाला घडीचा चाकू. शिसवी मूठ, पितळेच्या तीन खिळ्या, आणि धार लावून लावून रुंदीला निम्मं झालेलं काळपट पातं.

“नाना, हा कशाला आणलात?”

“मग? इथे काय दातांनी सोलायचं?”

नानांची संगमेश्वराकडे छोटीशी बाग आहे. आंबा, काजू, थोडी पोफळी. हा चाकू त्यांनी जत्रेत साठ रुपयांना घेतला, त्याला पस्तीस वर्षं झाली. त्यानं सुतळी कापली, पेट्यांच्या दोऱ्या कापल्या, कलमांच्या पट्ट्या सोडवल्या, पायातले काटे काढले, बोर्डाच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरांच्या पेन्सिलींना टोकं केली. सकाळी चष्मा, घड्याळ, चाकू, या क्रमानं वस्तू अंगावर चढल्या की नाना घराबाहेर पडायला तयार.

तर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलो. बाकावर बसून नानांनी खिशातून चाकू काढला आणि पेर सोलायला घेतलं, एकसंध साल काढत. समोरून एक बाई लहान मुलीला घेऊन येत होती. तिनं मुलीचा हात धरला आणि वाट सोडून गवतातून लांबून गेली. नानांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं आणि पेर घशाखाली उतरेना.

घरी आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना हसत हसत सांगितलं, तर ते हसले नाहीत. त्यांनी तरुणपणी इथल्याच एका सुऱ्या-चाकूंच्या कारखान्यात काम केलेलं. आत जाऊन फूटपट्टी घेऊन आले, नानांचा चाकू उघडला, धार मोजली आणि म्हणाले, साडेतीन. अर्धा इंच जास्त आहे.

आपल्यापैकी अनेकांकडे आई-वडील, सासू-सासरे येत असतात, म्हणून हे जरा नीट सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी पात्याची किंवा टोकदार वस्तू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. सूट आहे ती फक्त घडीच्या खिशातल्या चाकूला, तीही धारेची लांबी तीन इंचांपेक्षा जास्त नसेल तर. आणि त्याचं पातं उघडल्यावर अडकून बसणारं, म्हणजे लॉकचं, नसावं. लॉक होणारा चाकू कायद्याच्या लेखी घडीचा चाकू नव्हेच, मग तो दोन इंचांचा का असेना. मासेमारीला निघालात, कॅम्पिंगला निघालात, कामाची हत्यारं घेऊन चाललात, तर ते योग्य कारण होऊ शकतं. पण ते पटवून द्यायची जबाबदारी तुमची. “सवय आहे” किंवा “खिशात राहून गेला” हे कारण नाही. गाडीच्या कप्प्यात विसरलेला चाकूही गोत्यात आणू शकतो. जास्तीत जास्त शिक्षा चार वर्षांची आहे. आणि तीन इंचांच्या आतला असला तरी कुणाला दुखवायच्या हेतूनं जवळ ठेवला, तर तेही शस्त्रच.

हे मी नानांना सांगितलं. मराठीची शिक्षिका होते मी, सात वर्षं वर्ग सांभाळलाय. अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते असा माझा समज होता. नाना ऐकत राहिले. मग चाकू मिटून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे इथे मी कोण झालो?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या बाईचं चुकलं असं मला म्हणवत नाही. या देशात, या शहरातही, मुलांनी मुलांवर चाकू चालवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि आपापल्या मुलांच्या दप्तरांकडे बघतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा, त्याच सप्टेंबरमध्ये मोठ्या शाळेत जाणार होता. पहिल्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं, चाकूंविषयी. त्यानं ते वाचलं आणि आजोबांच्या चाकूला हात लावणंच सोडलं. टेबलावर असला तर वळसा घालून जायचा, त्या बागेतल्या बाईसारखा.

चाकू स्वयंपाकघरातल्या खणात गेला. नाना दिवसातून चार वेळा खिसा चाचपायचे.

दिवाळी जवळ आली तसा आकाशकंदिलाचा विषय निघाला. दरवर्षी आम्ही मंडळाच्या स्टॉलवरचा घडीचा कंदील आणतो, पण नानांनी घरीच करायचा ठरवला. गार्डन सेंटरमधून वेलांच्या आधाराचे बांबू आणले. त्याच्या कामट्या काढायच्या, घासून सारख्या करायच्या, टोकं खाचून दोऱ्यानं बांधायच्या. हे काम साध्या सुरीचं नव्हे. नवऱ्यानं नानांची अडचण जाणून बाजारातून पाच पौंडांचा चाकू आणला. चकाचक, रंगीत मूठ, अडीच इंच, लॉक नाही. कायद्यात अगदी चोख.

तिसऱ्या कामटीला त्याचं पातं डावी-उजवीकडे डुलायला लागलं. पाचवीला बांबूच्या पेरात अडकलं, नानांनी जरा हिसडलं, तर टोक तुटून उडालं आणि पातं मागे मिटून त्यांच्या तर्जनीवर आलं. जखम मोठी नव्हती. हळद दाबून धरली आणि भागलं. पण मुलगा समोर बसला होता, आणि टोक नेमकं कुठे पडलं हे शोधायला आम्हाला बॅटरी घेऊन गवतात रांगावं लागलं.

शेजारच्यांनी मोडका चाकू हातात घेऊन काय बिघडलं ते दाखवलं. घडीच्या चाकूत भाग असतात मोजके: पातं, मुठीच्या दोन बाजू, आतले पातळ पत्रे, पाठीची स्प्रिंग आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या खिळ्या. लॉक नसलेल्या चाकूत पात्याला उघडं ठेवते ती फक्त स्प्रिंगची दाब. चांगल्या चाकूत ती उघडताना आणि मिटताना ‘टक’ असा एकच स्वच्छ आवाज करते. घेताना तो आवाज ऐका, म्हणाले. मग पातं अर्धं उघडून बाजूला हलवून बघा. हललं तर दुकानातच ठेवा. मिटल्यावर टोक मुठीत पुरतं बुडायला हवं. रंग, खोकं, शिट्टी, होकायंत्र यांचे पैसे देऊ नका.

स्वस्त आणि टिकाऊ या दोन शब्दांचं जमतं, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल घ्या. जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये तो शेतकऱ्यांसाठी केला, बीच लाकडाची साधी मूठ आणि एक पातं. आजही दहा-पंधरा पौंडांत मिळतो. मात्र त्याचा लोकप्रिय आठ नंबर खिशात घेऊन फिरायचा नाही: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, शिवाय १९५५ पासून त्याला फिरवून पातं पक्कं करायची कडी आहे. तो घरी, बागेत, परड्यात वापरायचा. पाच नंबरपर्यंतच्या लहान आकारांना कडी नसते. ओल धरली की त्याचं लाकूड फुगतं आणि पातं बाहेर येईना. मग मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं. तिकडचे शेतकरी हेच करतात.

स्विस चाकू तर आपल्याकडे भेट म्हणून येतच असतो. कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू दिले, आणि पुढे कारखान्याला नाव दिलं आईचं, व्हिक्टोरिया. त्यातले ॲल्युमिनियमच्या मुठीचे चाकू सर्वांत दणकट. मोठ्या आकाराच्या काही चाकूंना लॉक असतं, तेवढं बघून घ्यायचं.

“आणि शेफील्डचा?” नानांनी विचारलं. त्यांच्या वडिलांकडे म्हणे शेफील्ड छापाचा चाकू होता. आम्ही इथे आठ वर्षं राहतो, पण हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नव्हता.

मग एका शनिवारी सगळे केलहॅम आयलंड संग्रहालयात गेलो. तिथे ‘लिटल मेस्टर्स’च्या कार्यशाळांची एक गल्लीच उभी केली आहे. लिटल मेस्टर म्हणजे भाड्याच्या लहानशा खोलीत बसून काम करणारा स्वतंत्र कारागीर. एकानं पातं घडवायचं, दुसऱ्यानं धार काढायची, तिसऱ्यानं मूठ बसवायची. या परंपरेतले नावाजलेले कारागीर स्टॅन शॉ पोरवयातच कामाला लागले आणि २०२१ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांच्यासारख्यांच्या बाकड्यावरच्या कानशी आणि छोटे हातोडे बघताना नाना बराच वेळ हललेच नाहीत. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी थांबले. चाकू-सुऱ्यांना चकाकी देण्याचं काम इथे बायका-मुली करत. उडणाऱ्या काळ्या राळेपासून बचाव म्हणून त्या अंगाला, पायांना तपकिरी कागद गुंडाळून घेत. धार लावणाऱ्या पुरुषांच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ जायची आणि बरेच जण चाळिशीही बघत नसत. आपल्या खिशातली गुळगुळीत वस्तू कुणी कुणी गुळगुळीत केली, हे त्या शेजारच्या गृहस्थांना संग्रहालयाशिवाय माहीत होतं. त्यांची आईच ते काम करायची.

गंजत नाही ते पोलादही याच गावचं. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलादात क्रोमियम मिसळून बघत होता. त्याला दिसलं की यावर व्हिनेगर आणि लिंबाच्या रसाचा परिणाम होत नाही. चाकूवाल्यांनी सुरुवातीला त्याची टिंगल केली: कापत नाहीत असे चाकू शोधून काढणारा माणूस. आज उलट झालंय. आपल्या घरात सगळं स्टेनलेस, आणि नानांच्या साध्या पोलादाच्या काळपट पात्याकडे पाहुणे नाक मुरडतात. पण तो काळेपणा गंज नव्हे. आंब्याच्या चिकानं, लिंबानं, चिंचेनं चढलेला तो थर पात्याला गंजापासून थोडा राखतोच. तांबडा दिसला तर मात्र लगेच घासून काढायचा.

परत येताना नानांना त्यांचा चाकू मिळाला. पात्याची धार सरळ रेघेसारखी, पाठ पुढे उतरत आलेली, टोक नाहीच. या आकाराला इथे ‘लॅम्बफूट’ म्हणतात. धार तीन इंचांच्या आत, लॉक नाही. किंमत चाळीस पौंडांच्या आसपास.

“टोक तुटलेला विकतात होय इथे?” नाना म्हणाले. मग रुपयांत हिशेब केला आणि दोन गल्ल्या गप्प चालले.

पण कामट्या सुटसुटीत निघाल्या. टोकच नसल्यामुळे मोडायला काही नव्हतं, आणि सरळ धार लाकडावर अख्खी टेकायची. नानांनी नातवाला समोर बसवलं. मी विरोध करणार होते, केला नाही. अटी मात्र घातल्या: बसूनच, आजोबा असतानाच, आणि काम झालं की चाकू खणात. नानांनी त्यात आपल्या घातल्या. जोर धारेवर द्यायचा, पाठीवर कधीच नाही, नाहीतर पातं बोटांवर मिटतं. खुपसायचं नाही, पिळायचं नाही, डबा उघडायला वापरायचा नाही. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. पोरानं पहिली कामटी काढली ती जाडी-भरडी होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी त्याच्या ब्लेझरचे खिसे चाचपले. अजूनही चाचपते, आणि हे त्याला माहीत आहे.

नोव्हेंबरात एक गंमत झाली. बागेतल्या शेडमध्ये नाना चाकू घेऊन गेले आणि तसेच परत आले. चाकू उघडेना. नवा चाळीस पौंडांचा! शेजारच्यांनी सांध्यात नखानं उकरून पांढरा मेणासारखा थर काढला आणि हे काय म्हणून विचारलं. खोबरेल. नाना गावच्या सवयीनं रोज थेंबभर घालत होते, आणि खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं. कोमट पाण्यात बुडवून, पुसून, वाळवून मोकळा केला. आता आम्ही औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरतो. ते गोठत नाही, खवट होत नाही आणि फळ कापलं तरी चालतं. डिशवॉशरमध्ये हे चाकू टाकायचे नाहीत, लाकूड तडकतं. धार लावायला यंत्र नको. चिनी मातीच्या कपाचं बूड, जिथे चकाकी नसते ती खरखरीत कड, त्यावर पातं जरासं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा ओढायचं. माझी आजी विळीखालची सुरी अशीच परजायची. मग जुन्या चामडी पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेनं चार हात.

जानेवारीत नाना परत गेले. शेफील्डचा चाकू मोज्यात गुंडाळून सामानाच्या बॅगेत गेला, केबिनच्या नव्हे. हे मी दोनदा तपासलं. त्यांचा जुना, अर्धा इंच जास्तीचा, त्यांनी खणातच ठेवला. तो घराबाहेर जात नाही. त्यानं पार्सलं उघडतो, सुतळ्या कापतो, आणि यंदाच्या कंदिलाच्या सगळ्या कामट्या मुलानं त्याच चाकूनं काढल्या. एक बाजू अजून आखूड आहे.

परवा फोनवर नानांना विचारलं, चाकू कसा आहे.

“चालतोय की. काजूची बोंडं, सुतळी, सगळं,” ते म्हणाले. “खोबरेल घालतो बरं का. इथे गोठत नाही.”