उंदरांना कसं कळलं?

भर उन्हात खो-खो खेळून आल्यावर स्वतःचा हात कधी चाटून बघितलाय? खारट लागतो ना! घामाबरोबर मीठ निघून जातं. मग इतका घाम गाळूनही अंगातलं मीठ संपत कसं नाही?

पाठीकडे, खालच्या बरगड्यांजवळ, आपली दोन मूत्रपिंडं असतात. म्हणजे किडन्या. प्रत्येकीच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली असते एक छोटीशी अधिवृक्क ग्रंथी. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम!

आता किडन्यांचं काम बघा. मोठ्या माणसाच्या किडन्या दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं! ते सगळं लघवीवाटे गेलं तर माणूस दिवसभरही टिकायचा नाही. म्हणून किडन्या त्यातलं बहुतेक सारं रक्तात परत घेतात. अगदी शेवटी जे थोडंसं उरतं, ते ठेवायचं की सोडायचं, हे ठरतं त्या टोपीतून.

अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, रक्ताचा दाब उतरला, की किडनी रेनिन नावाचं विकर रक्तात सोडते. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. हा तुकडा फुफ्फुसांतून जाताना आणखी लहान होतो आणि ग्रंथीपर्यंत पोचतो. लगेच ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सुटतं. त्याच्यामुळे किडनी मिठातलं सोडियम धरून ठेवते, सोडियमपाठोपाठ पाणीही राहतं, आणि जास्तीचं पोटॅशियम बाहेर जातं. घामाच्या ग्रंथीही याचं ऐकतात बरं का! काही दिवस सतत उन्हात राबणाऱ्या माणसाचा घाम कमी खारट होतो.

मला सगळ्यात नवल वाटतं ते उंदरांचं. अमेरिकेत बाल्टिमोरला कर्ट रिक्टर नावाचे शास्त्रज्ञ होते. अधिवृक्क ग्रंथी काढलेले उंदीर थोड्याच दिवसांत दगावतात, हे त्यांना ठाऊक होतं. 1936 साली त्यांनी अशा उंदरांसमोर साधं पाणी ठेवलं आणि मिठाचं पाणीही ठेवलं. उंदीर मिठाचं पाणी भरपूर प्यायले आणि जगले! त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, औषध दिलं नव्हतं. ग्रंथी गेली तरी मिठाची ओढ शरीरात कुठेतरी शाबूत होती.

माणसाची ही ग्रंथी बिघडली तर त्यालाही खारट खावंसं वाटतं. खूप थकवा येतो, वजन उतरतं. या आजाराचं वर्णन लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली केलं, म्हणून तो ॲडिसनचा आजार. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनाही तो होता. 1953 साली सिल्व्हिया सिम्प्सन, जेम्स टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्डोस्टेरॉनचे शुद्ध स्फटिक मिळवले. आज तसंच काम करणारं औषध छोट्याशा गोळीत मिळतं. ती आणि सोबतची औषधं रोज घेऊन ॲडिसनचा आजार असलेली मुलं शाळेत जातात, मैदानावर धावतात.