विजेची मींड

१९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी ही खरी पुंगी नव्हती, हे आता बऱ्याच रसिकांना ठाऊक आहे. हेमंतकुमारांच्या संगीतात ती वाजवली कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतल्या कल्याणजींनी. आणि वाजवली ती क्लॅव्हिओलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यावर. फ्रान्सच्या काँस्तां मार्तां यांनी १९४७ च्या सुमारास ते घडवलं होतं. आत व्हॉल्व्ह, समोर छोटी पट्टी, आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी, आणि एका वेळी एकच सूर. तो सूर नाकातला आणि जरासा कापरा. तेवढ्या कंपावर कल्याणजींनी अख्ख्या देशाला नाग डोलताना दाखवला.

अशाच, विजेवर सूर घडवणाऱ्या जुन्या सिंथेसायझरांसाठी जगभरचे वादक आज लाखो रुपये मोजतात. त्याचं कारण विचारलं की सहसा ‘उबदार आवाज’ एवढंच उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण त्यातून फारसं काही कळतही नाही. आपल्याकडच्या कानाला पटेल असं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या संख्येने वादकांच्या हाती पोचलेली ही पहिली पट्टीची वाद्यं, ज्यांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आली.

पेटीवरचा आपला जुना वाद आठवून पाहा. मराठी संगीत रंगभूमी ऑर्गनवर आणि पेटीवर उभी राहिली, गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने पेटीला मैफलीत स्वतंत्र मान मिळवून दिला. तरी आक्षेप टळला नाही. पट्टी दाबली की ठरलेला सूर लागतो, दोन पट्ट्यांच्या मधलं काहीच बोलत नाही. गळा ज्या वाटेने सा वरून रे वर जातो, ती वाटच पेटीत नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली त्यामागे हा आक्षेप होता, आणि ती बंदी सैल व्हायला तीसेक वर्षं लागली. उत्तम पेटीवादक कणस्वरांनी, भात्याच्या दाबाने, बोटांच्या चपळाईने मींडेचा आभास निर्माण करतात. त्या कसबाला माझा मनापासून नमस्कार आहे. पण आभास तो आभासच.

ही कोंडी फोडली ती अमेरिकेतल्या रॉबर्ट मोग या अभियंत्याने, आणि तीही अगदी वेगळ्या दिशेने येऊन. मोग लहान वयापासून थेरेमिन बनवत. थेरेमिनला पट्टीच नसते, हवेत हात हलवायचा आणि सूर त्यामागे धावतो. तिथे मींडच मींड; सूर नेमका लावायचा तर वादकाचा घाम निघतो. ऑर्गनमध्ये पट्टीच पट्टी, मींड नावालाही नाही. १९६४ मध्ये मोग यांनी जी यंत्रणा लोकांपुढे ठेवली तिच्यात हे दोन्ही एकत्र आले. त्यामागची कल्पना अतिशय साधी होती. सुराची उंची विजेच्या दाबाने ठरवायची, एका व्होल्टला एक सप्तक. मध्य सा पासून तार सा पर्यंत जायला एक व्होल्ट, आणि मधल्या बारा पट्ट्या म्हणजे त्या व्होल्टचे बारा भाग.

विजेला पायऱ्या नसतात. एका दाबावरून दुसऱ्या दाबावर जाताना तिला मधल्या प्रत्येक दाबातून जावंच लागतं. हा प्रवास एरवी इतक्या झटकन होतो की कानाला पायरीच ऐकू येते. वाटेत एक रोध आणि एक कपॅसिटर घातला की तोच प्रवास लांबतो आणि ऐकू येऊ लागतो. कपॅसिटर भरताना सुरुवातीला दाब वेगाने चढतो आणि मुक्कामाजवळ येता येता मंदावतो. म्हणजे सूर निघताना उडी घेतो आणि पोचताना हळुवार विसावतो. गवई मींड घेताना काय करतो ते नीट ऐका, फार वेगळं नसतं.

त्या पहिल्या यंत्रणा कपाटाएवढ्या होत्या आणि त्यांत वायरींचं जंगल होतं. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाखचं संगीत वाजवून ध्वनिमुद्रिका काढली आणि मोग हे नाव घरोघर गेलं. पण वादकाला हवं होतं काखेत मारून मैफलीला नेता येईल असं वाद्य. मोग यांच्या कारखान्यातले बिल हेमसाथ यांनी जेवणाच्या सुट्टीत उरलेसुरले भाग जोडून तसा नमुना उभा केला. त्यातून १९७० मध्ये आलं मिनीमोग. ते १९८१ पर्यंत बनत राहिलं आणि एकूण बाराएक हजार नग निघाले. माझ्या दृष्टीने जुन्या सिंथेसायझरांचा राजा हाच.

जवळून पाहू. लाकडी चौकट, चव्वेचाळीस पट्ट्या, वर उचलून तिरपी उभी करता येणारी फळी. त्या फळीवर तीन ऑसिलेटर, म्हणजे तीन सूर एकाच पट्टीवर एकदम बोलणार. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी हे तिघे तंतोतंत जुळत नाहीत, खोली तापली की सरकतात. कार्यक्रमापूर्वी वाद्य गरम होऊ द्यायचं, मग जुळवायचं. त्या बारीकशा फरकातून जे लहरतं, त्याला आपण परके नाही. तंबोऱ्याची जोडी शंभर टक्के एक झाली तर तिच्यातली हालचालच थांबेल. पुढे हे तिन्ही सूर फिल्टरमध्ये शिरतात. मूळ लहर करवतीच्या दात्यासारखी, सगळ्या उपस्वरांनी भरलेली. फिल्टर वरचे उपस्वर कापत जातो. खटका फिरवला की एकच सूर ‘ऊ’ पासून ‘आ’ पर्यंत तोंड उघडतो. वादक ज्या ‘उबदार’पणाबद्दल बोलतात तो बराचसा इथे आहे. मिक्सरमधून फिल्टरकडे जाणारा आवाज ठरवल्यापेक्षा जास्त जोराचा ठेवला गेला आणि त्याने सूर किंचित भरडला गेला. ही हिशेबातली चूक होती, पण कानाला इतकी गोड लागली की तशीच राहिली.

डाव्या हाताला दोन चाकं. एकाने सूर वर-खाली ओढायचा, दुसऱ्याने कंप द्यायचा. ओढायच्या चाकाला स्प्रिंग नाही. मधोमध ते किंचित अडतं, बाकी जिथे सोडाल तिथे थांबतं. सूर परत जागेवर आणायचा तो वादकानेच.

आणि एका वेळी एकच सूर. पाश्चात्त्य वादकाला ही मोठी उणीव वाटली, कारण त्याचं संगीत अनेक सुरांच्या मेळावर चालतं. रागसंगीताला याहून सोयीचं काय असणार? मिनीमोगचा एक नियम तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. दोन पट्ट्या दाबल्या तर खालची बोलते. वरची धरून ठेवून खालची टिचकवली की सूर खाली येतो, बोट उचललं की वर परततो, आणि सगळ्या पट्ट्या सुटेपर्यंत नवा आघात होत नाही. सतारीवर एका मिजराफीत तार ओढून चार सूर काढावेत, तसं पट्टीवर घडतं. या एका गुणासाठी मी बाकी सगळे सिंथेसायझर बाजूला ठेवीन.

प्रागचे यान हॅमर यांनी हे पहिल्यांदा पूर्णपणे ओळखलं, असं मला वाटतं. जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात ते कीबोर्ड वाजवत. मॅकलॉफ्लिन स्वतः वीणा शिकलेले, पुढे झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’ उभारणारे. १९७३ च्या ‘बर्ड्स ऑफ फायर’मध्ये गिटार, व्हायोलिन आणि मिनीमोग एकमेकांकडे पलटे फेकतात आणि कित्येकदा कोण बोलतंय ते सांगता येत नाही. तारेची दोन वाद्यं आणि पट्टीचं एक, तरीही. हॅमरचा डावा हात चाकावरून हलतच नाही. डेट्रॉइटकडच्या फंक संगीतात बर्नी वॉरेल यांनी १९७७ साली पार्लमेंट या बँडच्या ‘फ्लॅश लाइट’मध्ये बास गिटारची सगळी जागा मिनीमोगला दिली, आणि तो घसरत येणारा खर्ज पुढे अर्ध्या जगाने उचलला.

आपल्या देशात मोगचं यंत्र आलं ते फारच लवकर. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसवलं. संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या पखवाजवादक गीता साराभाई यांनीही तिथे काम केलं. तिथल्या ध्वनिमुद्रणांच्या फिती कित्येक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या वेळीच हे काम बाहेर आलं असतं तर आपल्या वाद्यसंगीताचं वळण कदाचित वेगळं असतं, याची हळहळ वाटते. मुंबईच्या सिनेसंगीतात मोगचा सूर आणण्याचं श्रेय कर्सी लॉर्ड यांना दिलं जातं.

यामाहाच्या सीएस-८० बद्दल थोडक्यात, कारण ते फार थोड्यांच्या वाट्याला आलं. सुमारे शंभर किलो वजन, आठ सूर एकदम, आणि प्रत्येक पट्टीवरचा दाब वेगळा ओळखला जाई. म्हणजे आठांपैकी एकाच सुराला आंदोलन देता येई. वर बोट सरकवायची फीत होतीच. व्हँगेलिस यांचं ‘ब्लेड रनर’ चित्रपटाचं संगीत या वाद्यावाचून सुचलंच नसतं. पण ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलं की त्याचे सूर बिघडत.

दुसऱ्या टोकाला आहे रोलंडचं टीबी-३०३. तादाओ किकुमोतो यांनी आखलेलं, १९८१ मध्ये जाहीर झालेलं, चंदेरी प्लॅस्टिकचं आणि बॅटरीवर चालणारं छोटंसं यंत्र. एकट्या गिटारवाल्याला सरावाला बासची साथ मिळावी एवढाच त्याचा हेतू. त्यात ते सपशेल फसलं, कारण खऱ्या बास गिटारसारखं ते मुळीच वाजत नव्हतं. शिवाय सूर आधी भरायचे, त्यांची लांबी नंतर वेगळी भरायची, असा वैतागाचा मामला. सुमारे दहा हजार नगांनंतर १९८४ मध्ये ते बंद पडलं. १९८३ साली यामाहाचं डिजिटल डीएक्स-७ आलं होतं आणि सगळे त्याच्यामागे लागले होते. जुनी यंत्रं मातीमोल भावाने विकली जाऊ लागली, म्हणून ती शिकागोतल्या पैसा नसलेल्या पोरांच्या हाती पडली. फ्यूचर या त्रयीने ३०३ चे खटके वाजत असतानाच फिरवले, आणि १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शाखाच जन्मली. पण तो आवाज नुसत्या खटक्यांचा नाही. ३०३ मध्ये प्रत्येक सुराला ‘स्लाइड’ची खूण देता येते, खूण दिली की तो सूर न तुटता पुढच्यात घसरतो. सोळा मात्रांच्या आवर्तनात कुठे मींड आणि कुठे तोड, हे आधीच ठरवून ठेवायचं. त्या खुणांशिवाय ३०३ नुसतं टकटकतं.

शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत चरणजितसिंग यांनी हेच यंत्र हाती घेतलं होतं. ते सिनेसंगीतातले गिटारवादक. रोलंडचं ज्युपिटर-८, ३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र एकमेकांना जोडून १९८२ मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, ललत, तोडी, मालकंस आणि आणखी सहा राग. ती चालली नाही. एका डच संग्राहकाला ती सापडली आणि २०१० मध्ये नव्याने निघाली, तेव्हा सत्तरीतल्या चरणजितसिंगांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. अ‍ॅसिड हाउस त्यांनी शोधलं, अशी बातमी तेव्हा पसरली. मला ती त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. शिकागोशी त्यांचा संबंध नव्हता. ज्याच्या बोटांना तार ओढायची सवय आहे, अशा वादकाला मींड घेणारी पट्टी मिळाली आणि त्याने तिच्यावर राग वाजवले, हे पुरेसं मोठं काम आहे.

मर्यादाही आहेतच. ही मींड एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंतच जाते, आणि पट्ट्या बारा समान भागांच्या. तोडीचा अतिकोमल गंधार कुठल्याच पट्टीवर नाही. तो चाकानेच गाठावा लागतो, आणि तिथे थांबावं लागतं. म्हणून एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. मोग कंपनीने मिनीमोग २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये नव्याने काढलं. २०२२ च्या आवृत्तीत त्या डावीकडच्या चाकाला स्प्रिंग बसवली आहे, हात सोडला की सूर आपसूक जागेवर परततो. पॉप वाजवणाऱ्याची त्याने सोय झाली. राग वाजवायचा असेल त्याने मात्र बिनस्प्रिंगचं चाक असलेलं वाद्यच शोधावं.