खजिन्याची वाट – भाग ६ : ‘अनुदान आलं की कळवतो’

नव्वदी ओलांडलेल्या आजी नातवाच्या मोटारसायकलवर बसून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, बँकेचं पासबुक, आधार कार्ड आणि यंदाचा हयातीचा दाखला. नवरा दुसऱ्या महायुद्धात लढला होता. टेबलापलीकडचा कल्याण संघटक, जो स्वतःही माजी सैनिक असतो, एकेक कागद उलगडून पाहतो आणि म्हणतो, ‘‘कागद सगळे बरोबर आहेत, आजी. अनुदान आलं की कळवतो.’’

असा प्रसंग राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात घडू शकतो. ‘अनुदान आलं की’ म्हणजे नेमकं कुठून आलं की? गेल्या आठवड्यात आपण अर्थसंकल्प सभागृहात कसा मांडला जातो ते पाहिलं. या भागात त्यातली एक छोटी ओळ धरून मुंबईपासून आजींच्या पासबुकापर्यंत जायचं आहे.

मुळात सैनिकासाठी राज्याने खर्च का करायचा, हा पहिला प्रश्न. संरक्षण हा केंद्राचा विषय. फौजेचा पगार, दारूगोळा, निवृत्तिवेतन, सगळं दिल्लीतून येतं. पण पेन्शन मिळायला जवानाची किमान पंधरा वर्षं सेवा लागते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज सुमारे २५ लाखांवर गेली आणि युद्ध संपताच त्यातले बहुसंख्य घरी पाठवले गेले. चार-पाच वर्षं लढून आलेल्या या माणसांना पेन्शन लागू झालं नाही. केंद्राच्या नियमात न बसलेल्या या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र सरकार दरमहा अनुदान देतं. आजींचं अनुदान ते हेच.

दुसरं कारण वयाचं. सरकारी कारकून साठीच्या आसपास निवृत्त होतो, जवान पस्तिशी-चाळिशीत. देशभरात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास सैनिक असे गावी परततात. मुलं शाळेत, आईबाप थकलेले, घर अर्धं बांधलेलं. त्यांना लागणारी नोकरी, मुलांचं वसतिगृह, जमिनीच्या तंट्यात तहसीलदाराकडे शब्द टाकणारं कुणीतरी, हे सगळं राज्याच्या हातात असतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २८२ तर राज्याला कुठल्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची मुभा देतो, मग तो विषय विधिमंडळाच्या कायदे करण्याच्या कक्षेबाहेरचा का असेना.

महाराष्ट्रात तर हा विषय गावागावांत रुजलेला आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांची स्मृती जपणारा स्तंभ आजही गावात उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या टाकळीच्या नावाआधीही ‘सैनिक’ लागतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली.

आता हिशेबाच्या वहीकडे वळू. १० मार्च २०२५ रोजी वित्तमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा एकूण खर्चाचा आकडा होता ७ लाख २० कोटी रुपये. त्यात सैनिक कल्याणाची ओळ शोधायला भिंग लागतं. हा खर्च प्रामुख्याने २२३५ या प्रधानशीर्षाखाली, म्हणजे ‘सामाजिक सुरक्षा व कल्याण’ या मथळ्याखाली नोंदला जातो. सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात, मंत्रालयातला प्रशासकीय विभाग सामान्य प्रशासन. त्यामुळे वीरपत्नीच्या मदतीची रक्कम सामान्य प्रशासन विभागाच्या मागणीत, भलत्याच खर्चांच्या शेजारी बसलेली सापडते.

हा आकडा मार्चमध्ये अचानक उगवत नाही. आधीच्या वर्षातच जिल्हा कार्यालयं लाभार्थ्यांची संख्या पुण्याला कळवतात, पुणे मंत्रालयाला कळवतं आणि वित्त विभाग त्यावर कात्री चालवतो. चारमाही, मग आठमाही सुधारित अंदाज जातात. महायुद्धाच्या अनुदानाची यादी तर दरवर्षी आक्रसत जाते, कारण १९४५ ला विशीत असलेला सैनिक आज शंभरीला टेकला आहे. म्हणूनच हयातीचा दाखला महत्त्वाचा. तो वेळेवर आला नाही, तर जिवंत माणूस कागदावरून गळतो आणि पुढच्या अंदाजात त्याच्या नावचे पैसेच धरले जात नाहीत.

अर्थसंकल्प मांडला की अनुदानांच्या मागण्या विधानसभेपुढे येतात. इथे अनुच्छेद २०३ ची एक तरतूद ध्यानात ठेवायला हवी. सभागृह मागणी मंजूर करू शकतं, फेटाळू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू मात्र शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणीच मांडता येत नाही. म्हणून एखाद्या आमदाराला वीरपत्नींची रक्कम वाढावी असं वाटत असेल, तर त्याला उलटा मार्ग धरावा लागतो. तो नाममात्र रकमेची कपात सूचना देतो आणि त्या निमित्ताने गाऱ्हाणं मांडतो. जास्त मागण्यासाठी कमी करायची सूचना द्यायची! मंत्री उत्तर देतात, सूचना मागे घेतली जाते किंवा फेटाळली जाते, पण बोललेलं कामकाजात नोंदलं जातं. पुढच्या वर्षीच्या अंदाजात त्याचा उपयोग होऊ शकतो.

तेही बोलायला वेळ मिळाला तर. चर्चेचे दिवस ठरलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकामागून एक मताला टाकल्या जातात. सैनिक कल्याणासारख्या लहान ओळीचं भवितव्य बरेचदा या घाईतच ठरतं. त्यानंतर अनुच्छेद २०४ नुसार विनियोजन विधेयक संमत होतं आणि तेव्हाच राज्याच्या एकत्रित निधीचं कुलूप उघडतं. विधान परिषदेला या विधेयकावर चौदा दिवसांत फक्त शिफारशी करता येतात.

निवडणुकीच्या वर्षी हे वेळापत्रक हलतं. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान आलं, अतिरिक्त अर्थसंकल्प थेट २८ जूनला. लेखानुदानावर चालू खर्च भागतो, कार्यालयाचे पगार होतात, ठरलेली अनुदानं सुरू राहू शकतात. नवी योजना मात्र थांबून राहते.

नव्या निर्णयांची वाट आणखी वेगळी. २०१९ मध्ये महाराष्ट्राने शहीद जवानाच्या कुटुंबाला द्यायची मदत २५ लाखांवरून एक कोटी रुपये केली. किती जवानांना वीरमरण येईल याचा अंदाज कुठल्याही विभागाला बांधता येत नाही आणि बांधवतही नाही. तरतूद अपुरी पडली, तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी मांडावी लागते. तातडी असेल तर आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम काढून नंतर सभागृहाची मान्यता घेता येते.

याच्या जोडीला दोन प्रवाह राज्याच्या तिजोरीबाहेरून येतात. एक, केंद्राचा वाटा. महाराष्ट्रासारख्या राज्यांत सैनिक कल्याण कार्यालयांचा मान्य खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. दुसरा, ध्वजदिन निधी. १९४९ पासून ७ डिसेंबरला छातीवर लावला जाणारा तो छोटा ध्वज लोकांच्या देणगीचा. मुलांच्या शिष्यवृत्त्या, आजारपणाची मदत यांसाठी हा निधी मोठा आधार आहे. पण देणगी वर्षागणिक कमी-जास्त होते. तिच्या भरवशावर दरमहाचं अनुदान टाकणं धोक्याचं. आजींचा हक्क अर्थसंकल्पाच्या ओळीतच असायला हवा.

आणि त्या ओळीत केवळ मदतीचा आकडा असून भागत नाही. वेतनाच्या उपशीर्षात कल्याण संघटकाचं पद असतं, वसतिगृहाच्या अधीक्षकाचं असतं, कारकुनाचं असतं. एक कोटीची घोषणा वर्तमानपत्रात मथळ्याला येते, संघटकाच्या पदाला कुणी विचारत नाही. ते पद रिकामं राहिलं, तर आजींचा अर्ज तपासणारा हातच उरत नाही. सभागृहात सैनिकांवर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराने दोन प्रश्न न चुकता विचारावेत : माझ्या जिल्ह्यात ही पदं भरली आहेत का, आणि मागच्या वर्षीची तरतूद पूर्ण वाटली गेली का?

कारण मंजुरीनंतरही एक फाटक उरतं. वित्त विभाग बीम्स या संगणक प्रणालीवर रक्कम विभागाला सोडतो. तिथून ती पुण्याला, पुण्याहून जिल्ह्याच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे. मग देयक कोषागारात जातं, तपासलं जातं आणि पैसे बँकेत जमा होतात. रक्कम टप्प्याटप्प्याने सुटते. एखादा टप्पा लांबला की जिल्ह्याच्या टेबलावरून तेच वाक्य ऐकू येतं : ‘‘अनुदान आलं की कळवतो.’’

आणि टप्पा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटला तर? ३१ मार्चच्या आत देयक कोषागारात पोहोचलं नाही, तर मंजूर झालेली रक्कम व्यपगत होते आणि आजींना नव्या वर्षाच्या तरतुदीची वाट पाहावी लागते. त्या एका रात्रीचा हिशेब पुढच्या भागात.