कर्नलमधली हेल्पर फंक्शन्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाकुर्ली-डोंबिवलीतून ऐरोली, महापे, पवईकडे नोकरीला जाणाऱ्या किती तरी तरुणांचं पोट कोड लिहिण्यावर आहे. त्यांतला एखादा वेबचं काम सोडून लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरकडे वळतो, तेव्हा हेल्पर फंक्शनबद्दलच्या काही समजुती तो बरोबर घेऊन येतो. ॲप कोसळलं तर ते पुन्हा सुरू करता येतं, पण कर्नल कोसळला तर त्यावर चाललेलं सगळंच बंद पडतं. म्हणून या समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : हेल्पर म्हणजे टायपिंग वाचवायची सोय.

वस्तुस्थिती : टायपिंग वाचतं खरं, पण तो दुय्यम फायदा. एकच तपासणी चार ड्रायव्हरमध्ये चार जणांनी आपापल्या पद्धतीने लिहिली, की एखाद्या ठिकाणी एक अट राहून जाते आणि नेमकी तिथूनच सुरक्षेला भोक पडतं. फेब्रुवारी २०१७मध्ये आलेल्या लिनक्स ४.१०मधलं उदाहरण घ्या. एकच ग्राफिक्स कार्ड अनेक व्हर्च्युअल मशीनना वाटून देता यावं, यासाठीची ‘मीडिएटेड डिव्हाइस’ ही चौकट त्या आवृत्तीत आली. तिच्या कर्त्यांमध्ये एनव्हिडियाच्या कीर्ती वानखेडे यांचं नाव आहे. इंटरप्टबाबत वापरकर्त्याकडून आलेली माहिती योग्य आहे का, हे व्हीएफआयओ या, डिव्हाइस वापरकर्त्याच्या प्रोग्रामच्या हाती देणाऱ्या यंत्रणेतले पीसीआय आणि प्लॅटफॉर्म ड्रायव्हर तोवर स्वतंत्रपणे तपासत असत. नव्या ड्रायव्हरनाही तेच करावं लागणार होतं. ही चौकट आणणाऱ्या पॅचमालिकेने ही तपासणी ‘व्हीएफआयओ सेट आयआरक्यूज व्हॅलिडेट अँड प्रिपेअर’ या एका हेल्परमध्ये आणली आणि जुन्या दोन्ही ड्रायव्हरनाही त्यावर नेलं. नाव लांबलचक आहे, पण आत काय काय होतं ते नावातच कळतं.

गैरसमज : काम बरोबर होत असेल तर नाव काहीही असो.

वस्तुस्थिती : ड्रायव्हर लिहिणारा माणूस प्रत्येक हेल्परच्या आत डोकावत नाही. तो नावावरून अंदाज बांधतो आणि पुढे जातो. कर्नलमध्ये ‘गेट’ म्हटलं की संदर्भ घेतला आणि ‘पुट’ म्हटलं की तो सोडला, असा रूढ संकेत आहे. पण हार्डवेअरची रचना सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीची हेल्पर फंक्शन्स पाहा. ‘ऑफ फाइंड नोड बाय पाथ’ या नावात कुठेही ‘गेट’ नाही, तरी ते नोडचा संदर्भ वाढवून देतं आणि वापरणाऱ्याला तो सोडावा लागतो. उलट ‘ऑफ गेट प्रॉपर्टी’मध्ये ‘गेट’ असूनही सोडण्यासारखं काही नसतं. ‘फाइंड’ वाचून ‘पुट’ विसरलेल्या कोडच्या दुरुस्त्या कर्नलच्या इतिहासात ढिगाने सापडतात. हा लिहिणाऱ्यांचा निष्काळजीपणा आहे असं मी मानत नाही. नावानेच त्यांना चुकीची वाट दाखवली.

परत येणाऱ्या किमतीचंही तसंच. कर्नलची कोडिंगची नियमावली याबाबत स्पष्ट आहे : फंक्शनचं नाव कृती सांगत असेल तर यशाला शून्य आणि अपयशाला ऋण एरर कोड, नाव प्रश्न विचारत असेल तर हो किंवा नाही. सी भाषेत शून्य म्हणजे ‘नाही’, त्यामुळे या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की अर्थ थेट उलटा होतो. ‘कॉपी फ्रॉम यूजर’ हे जुनं हेल्पर या दोन्हींत बसत नाही. किती बाइट कॉपी व्हायचे राहिले, ते त्याने परत दिलेला आकडा सांगतो. तो एरर समजून कोणी तसाच वर पाठवला, तर वरच्या प्रोग्रामला धन संख्या दिसते आणि काम झालं असं त्याला वाटतं.

गैरसमज : अपयश आलं तर एरर परत द्यावा, जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती : खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. अपयशानंतर स्थिती काय राहिली? ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे हेल्पर झोपलेल्या डिव्हाइसला जागं करतं आणि त्याच्या वापराचा मोजणी-आकडा एकाने वाढवतं. डिव्हाइस जागं झालं नाही, तरी आकडा वाढलेलाच राहतो. बहुतेकांना वाटतं, आणि तसं वाटणं स्वाभाविकच आहे, की काही मिळालंच नाही तर परत काय करायचं? ते एरर पाहून बाहेर पडतात. मग तो आकडा शून्यावर येतच नाही आणि डिव्हाइस पुढे कधी झोपू शकत नाही. त्यात आणखी एक अडचण : डिव्हाइस आधीच जागं असेल तर हे हेल्पर शून्य नव्हे, एक परत देतं. त्यामुळे ‘शून्य नाही म्हणजे चूक’ अशी अट लिहिणारा बिनचूक चाललेल्या डिव्हाइसलाही नादुरुस्त ठरवतो.

मूळ फंक्शनच सुधारायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण अनेक ड्रायव्हर तो आकडा स्वतःहून योग्य तऱ्हेने कमी करत होते. हेल्परनेही कमी केला असता तर तो दोनदा कमी झाला असता. म्हणून २०२०मध्ये ‘पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट’ हे नवं हेल्पर आलं. यश आलं तर शून्य, अपयश आलं तर आकडा होता तिथे. माझ्या मते हेल्पर घडवण्याचा पहिला नियम हाच : काम फसलं तर मागे काहीही उरू नये. पहिल्याच दिवशी हा नियम पाळला असता, तर एकाच प्रकारची दुरुस्ती शेकडो ठिकाणी करावी लागली नसती.

गैरसमज : वेगळं फंक्शन केलं की वेग कमी होतो.

वस्तुस्थिती : लहान फंक्शन कंपायलर स्वतःच जागेवर उलगडतो. तीनपेक्षा जास्त ओळींच्या फंक्शनला सहसा ‘इनलाइन’ लावू नका, असं नियमावलीच सांगते; कोड फुगला की प्रोसेसरच्या कॅशेत मावत नाही आणि वेग उलट घटतो.

गैरसमज : एकदा रुजलेलं हेल्पर बदलता येत नाही.

वस्तुस्थिती : हे बंधन वापरकर्त्याच्या प्रोग्रामना दिसणाऱ्या सिस्टिम कॉलना आहे. कर्नलच्या आतल्या फंक्शनना तसं अभय नाही. मात्र बदलणाऱ्याने त्यांचा वापर जिथे जिथे होतो ती सगळी ठिकाणंही बदलून द्यायची असतात. मीडिएटेड डिव्हाइससोबत मेमरीची पानं जागेवर खिळवणारं आणि सोडवणारं अशी हेल्परची जोडी आली होती. सोडवणारं हेल्पर एक आकडा परत देई, पण तो जवळपास कोणीच तपासत नसे. शिवाय केलेलं काम मागे घेणारं फंक्शनच फसलं, तर पुढे करणार काय? २०२२मध्ये त्याने काहीही परत देऊ नये असं ठरलं, आणि त्याच मालिकेत या जोडीवर अवलंबून असलेले इंटेलच्या ग्राफिक्सचे आणि आयबीएमच्या मेनफ्रेमचे ड्रायव्हर बदलले गेले.

वापर फार पसरलेला असेल तर मात्र टप्प्याटप्प्याने जावं लागतं. ठाकुर्लीवरून जाणारा मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेला, तेव्हा हे काम २०१५मध्ये पूर्ण होईपर्यंत दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. कर्नलमध्ये ‘स्ट्रएलसीपीवाय’ हे स्ट्रिंग कॉपी करणारं हेल्पर असंच गेलं. मूळ स्ट्रिंगची लांबी सांगण्यासाठी ते ती शेवटपर्यंत वाचत असे, म्हणून शेवटची खूण नसलेल्या स्ट्रिंगपुढे ते धोक्याचं होतं. त्याची जागा घेणारं ‘स्ट्रएससीपीवाय’ २०१५मध्ये आलं. जुनं हेल्पर काढलं गेलं ते २०२४च्या लिनक्स ६.८मध्ये. तोवर दोन्ही शेजारी शेजारी नांदली.

कर्नलला पहिला पॅच पाठवायची इच्छा असेल, तर नवं हेल्पर लिहिण्याच्या मागे लागू नका. तुमच्या हाताखालच्या हार्डवेअरचा एखादा ड्रायव्हर उघडा, त्यातल्या फक्त एररच्या वाटा वाचा आणि प्रत्येक ‘गेट’चं ‘पुट’ शोधा. जिथे सापडणार नाही, तिथे तुमचा पहिला पॅच आहे.