युद्धाची बातमी नेमकी कुठे कलते?

युक्रेन असो की गाझा, दूरच्या युद्धाची बातमी आली की दोन निकाल लगेच लागतात. आपल्या मताशी जुळली तर ती खरी, नाही जुळली तर वाहिनी विकली गेलेली. पण कोणी मुद्दाम खोटं लिहिलं नाही तरी बातमी कलू शकते. ती कुठे कलते हे समजून घ्यायला रत्नागिरीत एक चांगलं उदाहरण आहे.

थिबा पॅलेस सगळ्यांना माहीत असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५च्या युद्धात इंग्रजांकडून हरला आणि एप्रिल १८८६मध्ये बंदिवान म्हणून रत्नागिरीत आला. हा राजवाडा १९१०मध्ये पुरा झाला. डिसेंबर १९१६मध्ये राजा इथेच वारला. त्या युद्धात आज आपण कोणाच्याच बाजूचे नाही. म्हणूनच त्याच्या बातम्या राग-लोभ बाजूला ठेवून तपासता येतात.

तार कोणाची?

बातमी ज्या वाटेने येते, त्या वाटेची मालकी आधी पाहावी. १८७०मध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. त्याच वर्षी रॉयटर, फ्रान्सची हवास आणि जर्मनीची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी जग आपसांत वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरकडे गेलं. थिबाच्या राजधानीचं, म्हणजे मंडालेच्या दरबाराचं, म्हणणं जगभर पोचवील अशी एकही वृत्तसंस्था नव्हती. एका बाजूचं बोलणं रोज ऐकू येत होतं आणि दुसरीचं जवळजवळ नाहीच. अशा वेळी छापलेलं प्रत्येक वाक्य खरं असलं तरी चित्र अर्धंच राहतं.

बातमीदार कुठे उभा आहे?

इंग्रजांच्या जनरल प्रेंडरगास्टची फौज १४ नोव्हेंबर १८८५ रोजी इरावती नदीतून आगबोटींनी वर निघाली आणि दोन आठवड्यांत मंडालेला पोचली. बातमीदार त्याच फौजेच्या सोबतीने गेले. बोट फौजेची आणि तारही फौजेच्या हातातली, त्यामुळे त्यांना दिसलं ते फौजेच्या बाजूने. लंडनच्या ‘द टाइम्स’चा बातमीदार मॉयलन हा रंगूनमध्ये वकिली करणारा. आणि थिबाचं राज्य खालसा करा, अशी मागणी त्याच रंगूनचे इंग्रज व्यापारी आधीपासूनच करत होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. लष्करी नियम मोडल्याचा ठपका ठेवून सेनापतीने मॉयलनला मंडालेबाहेर काढलं. त्याच्या वृत्तपत्राने दबाव आणल्यावर तो परतला. पुढे त्यानेच लिहिलं, की हूपर नावाचा लष्करी अधिकारी बर्मी कैद्यांना गोळ्या घालतानाच्या क्षणाचे फोटो काढतो. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले, चौकशी झाली आणि हूपरला समज दिली गेली. म्हणजे ज्याचा कल ठाऊक आहे, त्याच्याकडूनही महत्त्वाचं सत्य बाहेर येऊ शकतं. कल ओळखायचा तो बातमी तोलण्यासाठी. ती न वाचताच फेकून देण्यासाठी नव्हे.

गोष्ट कुठून सुरू केली?

१८७९मध्ये थिबाच्या राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली, हे खरं आहे. इंग्रजी वृत्तपत्रं तिथून सुरुवात करत, आणि मग युद्ध म्हणजे एका जुलमी राजापासून प्रजेची सुटका वाटे. तीच गोष्ट १८८५पासून सांगितली तर मंडालेच्या दरबाराने सागवानाच्या व्यवहारावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कंपनीला केलेला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड आणि फ्रान्सशी झालेला करार पुढे येतो. आणि १८२४पासून सांगितली तर हे युद्ध म्हणजे ब्रह्मदेश तुकड्यातुकड्याने गिळण्याचा तिसरा घास ठरतो. तिन्ही सुरुवातींमधले तपशील खरे आहेत, तरी वाचकाच्या मनातला गुन्हेगार दर वेळी बदलतो.

शेवटाचंही तसंच. मंडाले पडल्यावर युद्ध संपल्याचं जाहीर झालं आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झालं. प्रत्यक्षात गावोगाव लढाई आणखी कित्येक वर्षं चालली. सरकारी कागदांत त्या लढणाऱ्यांना सरसकट डाकू म्हटलं गेलं. त्यात खरे दरोडेखोर होतेही. पण राजासाठी आणि देशासाठी लढणारेही त्याच नावाखाली गाडले गेले.

याच सुमारास, डिसेंबर १८८५मध्ये, मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्यात ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्ध ठराव झाला. लंडनहून येणाऱ्या बातम्यांपलीकडे विचार करणारे वाचक तेव्हाही होते. अर्थात त्या विरोधामागे हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणाऱ्या खर्चाची काळजीही होती. आक्षेप घेणाराही कुठेतरी उभा असतोच.

आणि वाचक?

शेवटचा टप्पा आपला. १९८२मध्ये बैरूतच्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं. व्हॅलोन, रॉस आणि लेपर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या टीव्ही बातम्या इस्राएलच्या आणि अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. हा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांनी पाहिल्या त्याच बातम्या, पण दोघांनाही त्या आपल्याच विरुद्ध वाटल्या. दोन्ही बाजूंच्या समर्थकांत ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त जाणवला. तेव्हा ‘ही बातमी एकांगी वाटते’ हा पुरावा नव्हे, ती तपासाची सुरुवात आहे.

हे कोकणाने शिकून घ्यायलाच हवं. इथल्या कितीतरी घरांतलं माणूस आखातात नोकरीला किंवा जहाजावर आहे. तिकडे युद्धाची ठिणगी पडली की घाबरवणारी चुकीची बातमी घराची झोप उडवते आणि धीर देणारी चुकीची बातमी गाफील ठेवते. म्हणून दर वेळी चार प्रश्न विचारावेत. ही माहिती कोणाच्या वाटेने आली? सांगणारा कोणाच्या परवानगीने तिथे आहे? गोष्ट कुठल्या तारखेपासून सुरू केली आहे? आणि हीच कृती समोरच्या बाजूने केली असती, तर मी तिला हेच नाव दिलं असतं का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन-तीन वेगवेगळ्या देशांच्या बातम्या शेजारी ठेवल्या की बरीचशी मिळतात. चौथ्याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं, आणि ते बातमी पुढे पाठवण्याआधी द्यायला हवं.